बदललेलें गाणें व जुने श्रोते

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुट्टींत दहावीचे दोन विद्यार्थी माझ्यापाशीं आले. दोघे एकाच बांकावर बसणारे, डबाहि एकत्रच खाणारे. परंतु त्या दिवशीं दोघांचे चेहरे लाल झालेले होते. भांडणाचें मूळ होतें अमेरिकेंतील एक गायक. त्याचें व्यवसायांतील नांव आंद्रे ३०००. अटलांटा शहरच्या 'आउटकास्ट' या जोडीपैकीं तो एक. रॅप म्हणजे तालावर यमकबद्ध शब्द झपाट्यानें म्हणत जाण्याची कला. आपल्याकडील कटावाशीं तिचें थोडेंसें नातें लावतां येईल. या कलेंत थोर म्हणून गणल्या गेलेल्या या गृहस्थानें, जोडीच्या २००६ मधील शेवटच्या संग्रहानंतर सतरा वर्षांनीं, १७ नोव्हेंबर २०२३ रोजीं 'न्यू ब्लू सन' या नांवाचा स्वतःचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि त्यांत रॅपचा एकहि शब्द नाहीं. आहे ती केवळ बांसरी व तिच्या जोडीचीं वाद्यें.

एकाचें म्हणणें असें, "सर, ज्याच्या शब्दांची लोकांनीं इतकीं वर्षें वाट पाहिली, त्यानें बांसरी ऐकवावी ही फसवणूक नव्हे काय?" दुसऱ्याचें म्हणणें, "सर, त्याला जें सुचलें तें त्यानें वाजविलें. तो काय आमचा नोकर आहे?" हें वेड दोघांनाहि आपापल्या मोठ्या भावांकडून वारशानें आलेलें, त्यामुळें वादांत घरचा अभिमानहि मिसळलेला होता. मीं निकाल दुसऱ्या दिवशीं देण्याचें कबूल केलें. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों दोघे निरनिराळ्या बांकांवर बसलेले.

निकाल देण्यास मी अधिकारी पुरुष नव्हे. रॅपचें मला ज्ञान नाहीं, आणि बांसरीचेंहि बेताचेंच आहे. परंतु हा वाद मला नवा नव्हता. तो मीं लहानपणीं आमच्याच घरीं ऐकला होता.

माझे वडील व त्यांचे एक स्नेही, दोघेहि भीमसेन जोशी यांच्या ख्यालगायनाचे निस्सीम चाहते. मिरजेच्या दर्ग्यांत उरुसाच्या वेळीं खांसाहेब अब्दुल करीमखां यांच्या स्मरणार्थ जी संगीतसभा भरते, तींत हे दोघे शेजारीं शेजारीं बसून रात्री जागवीत. पुढें भीमसेनजींचे 'संतवाणी'चे कार्यक्रम गांवोगांव होऊं लागले. राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्या चालींतील अभंग घरोघर वाजूं लागले, आणि या दोघांत फांटा पडला. वडील म्हणत, "दरबारी कानडा एक तास मांडणारा माणूस आतां पांच मिनिटांचे अभंग गातो; मोठा गवई लहान झाला." स्नेही म्हणत, "तो लहान झाला नाहीं, तो माझ्या आईपर्यंत आला. तिला दरबारी कळत नव्हता." बोलण्यांतून बोलणें वाढलें, एकमेकांच्या समजुतीचा उणेपणा काढण्यापर्यंत मजल गेली, आणि पुढें कित्येक वर्षें दोघे उरुसास गेले ते निरनिराळ्या वेळीं गेले. ती गोष्ट मला त्या वेळीं हास्यास्पद वाटली होती. आतां ती तशी वाटत नाहीं. म्हणूनच प्रौढ कलावंताचें गाणें कां बदलतें, व तें बदललें म्हणजे जुन्या श्रोत्यांत फूट कां पडते, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

या विचारास आमच्या मिरजेसारखें दुसरें ठिकाण सांपडणें कठीण. येथील सतार व तंबोरे करणाऱ्या कारागिरांची परंपरा एकोणिसाव्या शतकांत शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब यांच्यापासून चालत आलेली आहे. तरवारी व शस्त्रें यांचें काम करणारे हात वाद्यांकडे वळले, आणि येथील सतारींस व तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. या कारागिरांपाशीं घटकाभर बसल्यास एक गोष्ट कळते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा तारांच्या घर्षणानें झिजतो, तेथें चर पडतात, आणि आवाज बोथट होतो. मग कारागीर तो माथा पुन्हां घांसून सारखा करतो. यालाच जवारी काढणें म्हणतात. जवारी काढल्यावर तंबोरा बोलूं लागतो. परंतु तो नेमका पूर्वींसारखाच बोलत नाहीं. जवारी खुली राहिली तर झणत्कार वाढतो, बंद राहिली तर स्वर आंत ओढल्यासारखा वाटतो. वाद्याचा मालक कधीं संतुष्ट होतो, तर कधीं "माझा तंबोरा हा नव्हे" म्हणून कुरकुरतो. गवयाच्या गळ्याचें, किंबहुना त्याच्या मनाचें, असेंच आहे. वापरानें त्यास चर पडतात, आणि ती जवारी त्याची त्यालाच काढावी लागते.

पहिलें उदाहरण पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचें. यांचा जन्म १८७२ सालीं जवळच्याच कुरुंदवाडास झाला. लहानपणीं दारूकामाच्या अपघातांत डोळ्यांस इजा झाल्यामुळें शालेय शिक्षण राहिलें, व मिरज संस्थानच्या आश्रयानें बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे मिरजेंतच त्यांची ग्वाल्हेर गायकीची तालीम झाली. १८९६ सालीं त्यांनीं मिरज सोडली. १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. १९०८ सालीं मुंबईस त्याची स्थापना केली. या काळांतील पंडितजी म्हणजे भारदस्त आवाजाचे, शिस्तीचे ख्यालगायक. पुढें मात्र त्यांचें मन पालटलें. अंगावर भगवीं वस्त्रें आलीं, नाशिकास रामनाम आधार आश्रम निघाला, आणि ज्या बैठकींत पूर्वीं ख्याल व्हावयाचे तेथें रामधून व तुलसीरामायणावरील प्रवचन होऊं लागलें. 'रघुपति राघव' या धुनीची प्रचलित चाल त्यांच्याच नांवाशीं जोडली जाते.

जे रसिक बुवांच्या तालमीचें चीज ऐकावयास येत, त्यांना हा बदल जड गेला. विद्येचा एवढा सांठा असतां ती बाजूस ठेवून टाळ्यांच्या ठेक्यावर नामघोष करावा, यांत त्यांना हानि दिसली. उलट ज्यांना मैफलीच्या दारांत पाऊल टाकण्याचें धैर्य झालें नसतें अशीं माणसें त्या धुनींत आपला आवाज मिसळूं लागलीं. येथें दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे, हें ध्यानांत घ्यावें. ख्याल गेला ही हानि खरीच. परंतु संगीत सर्वांच्या तोंडीं जावें हा हेतु पंडितजींनीं लाहोरच्या विद्यालयापासूनच धरलेला होता. रामधून हें त्या हेतूचेंच पुढचें पाऊल म्हणतां येतें. विनायकराव पटवर्धन, बा. र. देवधर, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकुर या त्यांच्या शिष्यांनीं ख्यालाची विद्या पुढें चालविली. त्यांपैकीं पहिले दोघे मिरजेचेच. म्हणजे गुरूनें जें बाजूस ठेविलें तें शिष्यांच्या हातीं सुरक्षित राहिलें. पंडितजींचा अंतहि २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेंतच झाला.

दुसरें उदाहरण खांसाहेब अब्दुल करीमखां यांचें. उत्तरेंतील किराणा गांवीं १८७२ सालींच जन्मलेले हे गवई बडोदें, मुंबई, बेळगांव, पुणें असा प्रवास करीत अखेर मिरजेस स्थायिक झाले. त्यांच्या गाण्यांतील बदल आपणांस प्रत्यक्ष कानांनीं तपासतां येतो, कारण त्यांच्या तबकड्या शिल्लक आहेत. १९०५ च्या सुमारास भरलेल्या तबकड्यांत तरुण गळ्याची धांव व तानांची लगबग आहे. १९३० नंतरच्या तबकड्यांत तोच माणूस एकेका स्वरावर रेंगाळतो. आवाज बारीक, आर्जवी व आंतून भिजलेला लागतो. या पालटास अनेक कारणें असावींत. उस्ताद रहिमतखां यांच्या आलापीचा त्यांच्यावर परिणाम झाला, असें जाणते सांगतात. हे रहिमतखां आपल्या आयुष्याच्या अखेरीस कुरुंदवाडास राहत होते. म्हैसूरच्या दरबारीं वारंवार जाणें झाल्यामुळें कर्नाटक संगीताशीं खांसाहेबांचा जवळचा परिचय झाला, आणि ख्यालांत सरगम म्हणण्याची तऱ्हा त्यांनीं रूढ केली. त्यागराजांच्या कृतीहि त्यांनीं तबकडीवर गाइल्या.

मिरज हें तोंवर बाळकृष्णबुवांच्या ग्वाल्हेर गायकीचें पीठ. तिच्यांत चिजेचे शब्द, लयीचा डौल व तानेची शिस्त यांस मान. अशा कानांना हें नवें गाणें सहजासहजीं रुचणें शक्य नव्हतें. शब्दांकडे व लयीकडे दुर्लक्ष होतें, हा आक्षेप किराणा गायकीवर त्या परंपरेचे रसिक पुष्कळ काळ घेत आले. सरगम ही दक्षिणेची संवय ख्यालांत कशाला, असेंहि विचारलें गेलें. दुसऱ्या बाजूस, स्वर असा लागूं शकतो हें आपणांस आजवर ठाऊकच नव्हतें, असें म्हणणारे श्रोते निर्माण झाले.

तबकडीच्या यंत्रानेंहि आपलें काम केलें. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मिळत. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवावयाचा म्हणजे काय ठेवावें व काय टाकावें याचा कठोर निवाडा गवयास करावा लागे. पुष्कळांस ती रागाची विटंबना वाटली. परंतु खांसाहेबांची झिंझोटींतील ठुमरीची अशीच एक तबकडी गदगच्या एका मुलानें ऐकली, आणि असें गाणें शिकावें म्हणून त्यानें घर सोडलें. तो मुलगा म्हणजेच भीमसेन जोशी. पुढें खांसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे त्यांची तालीम झाली. आमच्या वडिलांना भीमसेनजींचा ख्याल लाभला, तो एका तीन मिनिटांच्या तबकडीच्या पुण्याईनें. आणि त्यांची तक्रार होती ती भीमसेनजी पांच मिनिटांचे अभंग गातात ही! हा विनोद त्यांच्या ध्यानीं आला नव्हता. माझ्याहि उशिरांच आला. खांसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजीं दक्षिणेंत प्रवासांत वारले. त्यांचें दफन मिरजेच्या दर्ग्याच्या आवारांत आहे.

कधीं बदल निवडलेला नसतो. तो देहावर येऊन आदळतो. बेळगांवजवळील सुळेभावी येथें १९२४ सालीं जन्मलेले कुमार गंधर्व हे बालपणींच नांवाजलेले गवई होते. लहान वयांतच ते मुंबईस वर उल्लेखिलेल्या देवधरांकडे शिकावयास आले. १९४७ च्या सुमारास त्यांना क्षयानें गांठलें. कोरड्या हवेसाठीं ते माळव्यांत देवास येथें जाऊन राहिले, आणि पांच-सहा वर्षें गाणें बंद पडलें. स्ट्रेप्टोमायसीन या नव्या औषधानें ते वांचले, परंतु फुफ्फुसाची शक्ति पूर्वींची राहिली नाहीं. दीर्घ श्वासावर तोललेली लांबलचक तान आतां शक्य नव्हती. त्यांनीं लहान, तुटक, अचानक उसळणाऱ्या स्वरवाक्यांची नवी मांडणी केली. अंथरुणावर असतां कानीं पडलेल्या माळव्याच्या लोकगीतांतून नव्या रागांचे अंकुर शोधले, निर्गुणी भजनांस नवा घाट दिला. १९६५ सालीं त्यांचा 'अनूपरागविलास' हा ग्रंथ निघाला. त्यांच्या पुनरागमनानंतर श्रोत्यांत पडलेली फूट महाराष्ट्रांत बराच काळ गाजली. एका पक्षास हा ख्यालाचा मोडका सांगाडा वाटला, दुसऱ्या पक्षास ख्यालास नवें रक्त मिळाल्याचा आनंद झाला. १९९२ सालीं ते निवर्तले. परंतु तो वाद अजूनहि जुन्या रसिकांच्या बैठकींत निघतो.

यावर कोणी म्हणेल, "बदलावेंच कशाला? जें लोकांना आवडलें तेंच शेवटपर्यंत गावें, म्हणजे भांडण नको." याचें उत्तर नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांच्या चरित्रांत आहे. यांची शकुंतलेची भूमिका १९०५ सालीं मिरजेसच प्रथम रंगभूमीवर आली; त्यांच्या नांवाचें नाट्यगृह येथें उभें आहे. 'मानापमान' १९११ मध्यें आलें, 'स्वयंवर' १९१६ मध्यें, 'एकच प्याला' १९१९ मध्यें; एका पिढीनें त्यांच्या गाण्यावर जीव ओंवाळला. १९३५ सालीं प्रभातच्या 'धर्मात्मा' या बोलपटांत त्यांनीं संत एकनाथांची पुरुषभूमिका केली, तेव्हां ज्यांनीं त्यांना रुक्मिणी व सिंधू म्हणून पाहिलें होतें त्यांस तें रूप परकें वाटलें. मग ते बोलपट सोडून रंगभूमीकडे परतले, आणि साठी उलटल्यावरहि त्याच स्त्रीभूमिका करीत राहिले. आतां तरी सर्व संतुष्ट व्हावयास हवे होते. तसें झालें नाहीं. नव्या प्रेक्षकांस वृद्ध पुरुषानें शालू नेसणें रुचेना. जुन्यांपैकीं कित्येक डोळे मिटून ऐकत, म्हणजे समोरच्या माणसास न पाहतां आपल्या आठवणींतील बालगंधर्वांस पाहत. आणि कित्येक जण दुःख सोसवत नाहीं म्हणून येईनासे झाले. सारांश, न बदलल्यानेंहि फूट टळत नाहीं. गवई उभा राहिला तरी काळ चालतच असतो.

हा अनुभव एकट्या आपल्या देशाचा नव्हे. २५ जुलै १९६५ रोजीं अमेरिकेंतील न्यूपोर्ट येथील लोकसंगीताच्या उत्सवांत बॉब डिलन हा गायक साधी गिटार सोडून विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हां श्रोत्यांतून हुर्यो उठली. हुर्यो नेमकी कशाबद्दल होती यावर पुढें पुष्कळ वाद झाले. परंतु जुने चाहते दुभंगले हें खरें. याच गायकास २०१६ सालीं साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. रॅपचा आरंभ न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत १९७३ च्या सुमारास झाला असें मानतात. तरुणांची म्हणून जन्मलेली ही कला आतां पन्नाशीच्या पुढें गेली, आणि तिचे पहिले थोर कलावंतहि प्रौढ झाले. जी भाषा विशीच्या आवेशासाठीं घडली तींत पन्नाशींतील माणसानें काय बोलावें, हा प्रश्न त्यांच्यापुढें आहे. नास या नांवाचा रॅपकार आपल्या जुन्या वाटेनेंच चालत राहिला, व त्याच्या 'किंग्ज डिझीज' या संग्रहास २०२१ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें. आंद्रेनें दुसरी वाट धरली. या वयांत रॅपमध्यें सांगण्याजोगें आपल्यापाशीं कांहीं उरलें नाहीं, असें त्यानें मोकळेपणानें बोलून दाखविलें. म्हणजे एकास जुन्या वाद्यांत अजून स्वर सांपडला. दुसऱ्यानें नवें वाद्य हातीं घेतलें. जवारी दोघांनींहि काढली. कोणाची खुली लागली, कोणाची बंद.

येथवर गवयाच्या बाजूचें झालें. देह थकतो, मन पालटतें, परक्या संगीताशीं ओळख होते, यंत्र नवी अट घालतें, उदरनिर्वाहाची गरज लागते. या कारणांनीं गाणें बदलतें. आतां श्रोत्यांच्या बाजूकडे वळूं. गाणें बदललें म्हणून न ऐकणें एक, आणि गाणें बदललें म्हणून रागावणें निराळें. राग कां यावा?

माझ्या समजुतीप्रमाणें याचें मूळ असें. आपण जें गाणें ऐन उमेदींत ऐकतों तें केवळ कानांत राहत नाहीं. ज्या मित्राबरोबर ऐकलें तो मित्र, ज्या रात्रीं ऐकलें ती रात्र, त्या वेळच्या आशा व निराशा, हीं सर्व त्या स्वरांस चिकटून राहतात. पुढें तो गवई निराळें गाऊं लागला कीं आपणांस वाटतें, यानें आपल्या त्या दिवसांवरच बोळा फिरविला. आपण म्हणतों, "त्याचें गाणें बिघडलें"; आणि मनांत म्हणावयाचें असतें, "माझे ते दिवस गेले." दुसरें असें कीं, दीर्घकाळचा श्रोता आपणांस मालक समजूं लागतो. इतकीं वर्षें तिकिटें काढलीं, तबकड्या घेतल्या, इतरांशीं याच्यासाठीं भांडलों. तर यानें आम्हांस विचारल्यावांचून बदलावें कसें? आणि तिसरें म्हणजे पक्ष. 'आम्ही अमक्याचे' असें म्हणण्यांत माणसास एक घर मिळतें. गवई त्या घरांतून बाहेर पडला म्हणजे आंत राहिलेले एकमेकांवरच संशय घेऊं लागतात.

याचा अर्थ, जुने श्रोते नेहमीं चुकतात असा मुळींच नव्हे. प्रत्येक बदल ही प्रगति असते, हेंहि एक अंधळें मत आहे. पैशासाठीं, टाळ्यांसाठीं किंवा आळसानें केलेले बदल पुष्कळ असतात, आणि ते ओळखणारे कान बहुधा जुन्या श्रोत्यांचेच असतात. कारण काय गमावलें हें त्यांनाच ठाऊक असतें. पलुसकरांचा ख्याल ज्यानें ऐकलाच नाहीं त्यास तो गेल्याचें दुःख कसें व्हावें? म्हणून जुन्या श्रोत्यानें आपला आक्षेप अवश्य मांडावा. मात्र मांडण्यापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे. मी हें नवें गाणें जुन्याशीं न ताडतां एकदां तरी सबंध ऐकलें काय? या गवयापाशीं जुनेंच गाण्याची शक्ति व तशी मनाची स्थिति आज आहे काय? आणि मला जें आवडत होतें तें खरोखर नाहींसें झालें आहे, कीं तें तबकडींत व शिष्यांच्या गळ्यांत अजून शाबूत आहे? या तिन्हींचीं उत्तरें प्रामाणिकपणें दिल्यावर जो आक्षेप उरेल तो खरा आक्षेप. त्यास गवयानेंहि मान द्यावा.

नव्याचें कौतुक करणाऱ्यानेंहि एक प्रश्न स्वतःस विचारावा. समोरच्यास जुनें कां प्रिय होतें, हें मीं समजून घेतलें काय? 'तुम्हांला काळ कळत नाहीं' असें म्हणणें सोपें असतें. परंतु ज्यानें एका स्वरासाठीं रात्री जागविल्या, त्यास असें म्हणण्याचा अधिकार फार थोड्यांना असतो.

वडिलांचे ते स्नेही कांहीं वर्षांपूर्वीं वारले. त्यांच्या मुलानें त्यांच्याकडील कॅसेटींची पेटी आमच्या घरीं आणून दिली. वडिलांना द्यावी असें ते सांगून गेले होते. पेटींत ख्यालहि होते व 'संतवाणी'हि होती. कित्येक दिवस वडिलांनीं पेटीस हात लाविला नाहीं. एके संध्याकाळीं त्यांनीं अभंगांची कॅसेट लावली, दोन्ही बाजू ऐकल्या, आणि यंत्र बंद करून म्हणाले, "मला हें अजूनहि फारसें आवडत नाहीं. पण त्याला हें कां आवडत होतें, तें मीं त्याला कधीं नीट विचारलेंच नाहीं." त्यानंतर त्या विषयावर ते बोलले नाहींत.

हीच गोष्ट मीं त्या दोघां विद्यार्थ्यांना सांगितली, व निकालाऐवजीं एक काम दिलें. ज्यास बांसरी आवडत नाहीं त्यानें ती मित्राबरोबर बसून सबंध ऐकावी, आणि ज्यास आवडते त्यानें जुन्या रॅपमधील मित्राच्या आवडीचीं दोन पदें त्याच्याकडून समजावून घ्यावीं. एका आठवड्यानें दोघे परत आले. पहिला म्हणाला, "सर, बांसरी मला अजूनहि कंटाळवाणीच वाटते." दुसरा म्हणाला, "आणि सर, मला त्याच्या त्या जुन्या पदांतलें अर्धें पूर्वीं कळलेंच नव्हतें." वाद मिटला नाहीं. अबोला मात्र मिटला. हल्लीं दोघे पुन्हां एकाच बांकावर बसतात, आणि मधल्या सुट्टींत तेंच भांडण पुढें चालू असतें.